नियम आणि न्याय

शाळेची घंटा होते, मुले प्रार्थनेसाठी रांगेत उभी राहतात, आणि पाहणाऱ्यास एक सुंदर दृश्य दिसते. सधन व्यापाऱ्याचा मुलगा आणि त्याच्याच दुकानात हमाली करणाऱ्याचा मुलगा शेजारी शेजारी उभे असतात. दोघांच्याही अंगात एकाच रंगाचा सदरा असतो. कोणाच्या घरी काय आहे आणि काय नाही, हे त्या सदऱ्यावरून ओळखू येत नाही. गणवेशाचे खरे मोल यातच आहे. नखे कापलेली असावीत, केस विंचरलेले असावेत, बटणे लावलेली असावीत, हे नियमही अशाच चांगल्या हेतूने केलेले असतात. जेथे शेकडो मुले एकत्र येतात, तेथे शिस्तीवाचून विद्येचे काम चालत नाही. म्हणून नियम मोडणारा प्रत्येक विद्यार्थी शूर ठरत नाही, आणि नियम पाळावयास लावणारा प्रत्येक शिक्षक निर्दय ठरत नाही.

परंतु गणवेश आणि माणसाचे शरीर यांत एक मोठा भेद आहे. सदरा शिंप्याकडून बेतून घेता येतो आणि संध्याकाळी खुंटीला टांगून ठेवता येतो. केस मात्र जन्माबरोबर येतात; ते खुंटीला टांगता येत नाहीत. शाळेचा नियम सदऱ्यावरून केसांपर्यंत पोहोचला, म्हणजे तो माणसाच्या अधिक जवळ जातो आणि तेथे तो अधिक जपून वापरावा लागतो. ही जपणूक राहिली नाही, म्हणजे काय घडते, याची साक्ष दक्षिण आफ्रिकेच्या इतिहासात मिळते.

त्या देशातील प्रिटोरिया नगरात १९०२ साली स्थापन झालेली मुलींची एक नामांकित शाळा आहे. वर्णभेदाच्या राजवटीत तिची दारे केवळ गोऱ्या मुलींना उघडी होती. ती राजवट मावळू लागली, तेव्हा कृष्णवर्णीय मुलींनाही तेथे प्रवेश मिळू लागला. दारे उघडली, पण दारांमागची दृष्टी तितक्या सहजतेने बदलली नाही, अशी त्या मुलींची तक्रार होती. केशरचना साधी, नीटनेटकी आणि गणवेशाला साजेशी असावी, असा शाळेचा नियम होता. बारीक वेण्यांना परवानगी होती. मात्र एकेका वेणीची जाडी १० मिलिमीटरपेक्षा अधिक असू नये, असे बंधन होते. वरवर पाहता या नियमात कोणाच्या वर्णाचा उल्लेख नव्हता. तो सर्व मुलींना सारखाच लागू होता.

तरीही तो सर्वांवर सारखा पडत नव्हता. आफ्रिकेतील बहुतेक लोकांचे केस दाट आणि अतिशय कुरळे असतात. ते खांद्यावर रुळत नाहीत. ते डोक्याभोवती सर्व बाजूंनी वाढतात. टाळूवरचे नैसर्गिक तेल अशा केसांच्या टोकापर्यंत सहज पोहोचत नाही. त्यामुळे ते कोरडे राहतात आणि बारीक दात्यांच्या फणीने विंचरू लागले तर तुटतात. म्हणून तेथील आया आणि आज्या मुलीला पुढ्यात बसवून तासन्‌तास तिच्या बारीक वेण्या गुंफतात. कित्येकजणी दाहक क्षारांची औषधे लावून केस सरळ करून घेतात. त्यात टाळू भाजण्याचा धोका असतो. सरळ केसांच्या मुलीला नीटनेटके दिसण्यासाठी सकाळची पाच मिनिटे पुरत. कुरळ्या केसांच्या मुलीला त्यासाठी आपले केसच बदलावे लागत. तिने ते जसे उगवले तसे ठेवले, तर ती अव्यवस्थित ठरे. डोक्यावर पक्ष्याचे घरटे आहे, असे शिक्षकांकडून ऐकावे लागते, ही त्या मुलींची तक्रार तेथील शिक्षण खात्यापर्यंत गेली.

अखेर २०१६ सालच्या ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस मुलींचा धीर सुटला. शाळेच्या वसंत जत्रेच्या वेळी काही मुली काळी वस्त्रे परिधान करून, आपले केस निसर्गतः होते तसेच राखून, एकत्र आल्या. पहारेकऱ्यांनी त्यांना अडविले. तेव्हा तेरा वर्षांची एक मुलगी दोन्ही हात डोक्यावर उंच धरून आणि मनगटे एकमेकांवर ठेवून त्यांच्यासमोर निर्भयपणे उभी राहिली. तिचे ते छायाचित्र जगभर पसरले. हजारो लोकांनी मुलींच्या बाजूने निवेदनावर सह्या केल्या. थोड्याच दिवसांत प्रांताचे शिक्षणमंत्री पान्याझा लेसुफी स्वतः शाळेत आले, त्यांनी मुलींचे म्हणणे ऐकून घेतले, आणि केशरचनेविषयीचा नियम स्थगित झाला.

एवढ्याशा गोष्टीसाठी एवढा क्षोभ का, असे एखाद्यास वाटेल. त्याचे उत्तर त्या देशाच्या मागील पिढ्यांच्या आठवणीत आहे. १९५० साली तेथे एक कायदा झाला आणि त्यान्वये प्रत्येक नागरिकाची नोंद वर्णाप्रमाणे करण्यात आली. माणसाने कोठे राहावे, कोणत्या शाळेत शिकावे, कोणाशी विवाह करावा, हे त्या नोंदीवरून ठरू लागले. एखाद्याचा वर्ण नुसत्या पाहण्याने ठरेना, तेव्हा काही अधिकारी त्याच्या केसांत पेन्सिल खोवून पाहत. पेन्सिल खाली पडली तर तो माणूस गोरा. कुरळ्या केसांत ती अडकून राहिली तर तो गोरा नव्हे. एका पेन्सिलीवर माणसाचे सारे आयुष्य टांगलेले असे.

सँड्रा लेंग हिची कथा तर मन सुन्न करणारी आहे. तिचे आईबाप गोरे होते आणि सरकार दरबारी त्यांची नोंदही तशीच होती. परंतु सँड्राची कांती सावळी होती आणि तिचे केस कुरळे होते. ती गोऱ्यांच्या शाळेत वसतिगृहात राहून शिकत असता १९६६ साली, वयाच्या अवघ्या दहाव्या वर्षी, तिला शाळेतून काढण्यात आले, आणि पोलिसांनी तिला घरी पोहोचविले. आपला अपराध कोणता, हे त्या बालिकेस कळले नाही. तिच्या पित्याने न्यायासाठी मोठी खटपट केली. पुढे कायदा बदलला आणि तिची नोंद पुन्हा गोऱ्यांत झाली. पण तिचे दुरावलेले बालपण त्या नोंदीने परत आले नाही. १९५० सालचा तो कायदा १९९१ साली रद्द झाला. ज्यांच्या आजोबांच्या केसांत पेन्सिल खोवली गेली, त्या मुलींना कोणी केसांवरून बोलले, म्हणजे ते बोलणे केवळ केसांपुरते राहत नाही.

त्याच देशातील डर्बन हे बंदर हिंदी लोकांच्या परिचयाचे आहे. १८६० साली मद्रासहून निघालेले 'ट्रूरो' जहाज तेथे पोहोचले, आणि उसाच्या मळ्यांत राबण्यासाठी करारबद्ध हिंदी मजूर नाताळ प्रांतात येऊ लागले. १८९३ साली मोहनदास गांधी नावाचा एक तरुण बॅरिस्टर याच डर्बनमध्ये उतरला. दोनतीन दिवसांनी तो न्यायालयात गेला असता न्यायाधीशाने त्याला पागोटे उतरविण्यास सांगितले. मुसलमानी पोशाख करणाऱ्यांस पागोटे ठेवण्याची मुभा होती. इतर हिंदी लोकांस मात्र ते उतरवावे लागे. हा अपमान आहे हे ओळखून गांधी न्यायालयाबाहेर पडले आणि त्यांनी वृत्तपत्रांतून आपली बाजू मांडली. पुढील वर्षी त्यांना नाताळच्या वरिष्ठ न्यायालयात वकिलीची सनद मिळाली. तेव्हा मुख्य न्यायाधीशांनी, न्यायालयाच्या वकिलांना लागू असलेल्या रिवाजाप्रमाणे, पागोटे उतरविण्यास सांगितले. आणि या वेळी गांधींनी ते उतरविले. हे त्यांच्या काही मित्रांस रुचले नाही. परंतु नियम कोठे पाळावा आणि कोठे नाकारावा, याचा विचार माणसाने प्रत्येक वेळी नव्याने करावा लागतो, हेच या दोन प्रसंगांवरून दिसते.

त्यानंतर शंभरांहून अधिक वर्षांनी, २००४ साली, डर्बनमधील मुलींच्या एका शाळेत दक्षिण भारतीय कुळातील एक विद्यार्थिनी सुटीनंतर परतली, ती नाकात बारीकशी सोन्याची चमकी घालून. तिच्या घराण्यात मुलगी वयात आली म्हणजे तिचे नाक टोचण्याची चाल होती. शाळेच्या नियमात असा दागिना बसत नव्हता. चमकी काढावी, असे शाळेने सांगितले. हा आमच्या परंपरेचा भाग आहे, असे आईने कळविले. वाद न्यायालयात गेला. पहिला निकाल शाळेच्या बाजूने लागला, दुसरा मुलीच्या बाजूने लागला, आणि शेवटी प्रकरण देशाच्या संविधान न्यायालयापुढे आले. ५ ऑक्टोबर २००७ रोजी त्या न्यायालयाने बहुमताने मुलीच्या बाजूने निर्णय दिला. सरन्यायाधीश पायस लँगा यांनी गणवेशाचे महत्त्व नाकारले नाही. परंतु जी चमकी घातल्याने शाळेच्या शिस्तीस बाध आल्याचा पुरावा नाही, तिच्यासाठी धर्म व संस्कृती यांचा मान राखून सवलत देणे शाळेस सहज शक्य होते, आणि ती न देणे हा अन्याय्य भेदभाव होय, असे न्यायालयाने ठरविले.

इंग्लंडमध्येही असा एक प्रसंग घडला होता. १९७८ साली बर्मिंगहॅम येथील एका खासगी शाळेने एका शीख मुलाला, केस कापून फेटा काढल्यावाचून प्रवेश देता येणार नाही, असे सांगितले. मुख्याध्यापकाच्या मनात त्या मुलाविषयी द्वेष नव्हता. शाळेत निरनिराळ्या वंशांची मुले होती. फेट्यामुळे त्यांच्यातील भेद ठळक होतील, अशी त्याला भीती वाटत होती. तरीही १९८३ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने निर्णय दिला की, शीख हा दीर्घ इतिहास आणि स्वतःची परंपरा असलेला समाज आहे, आणि १९७६ सालच्या वंशविषयक कायद्याचे संरक्षण त्याला मिळालेच पाहिजे. या निर्णयातील एक विचार फार मोलाचा आहे. शीख मुलाला केस कापता येणार नाहीत काय? कात्रीने कोणाचेही केस कापता येतात. परंतु नियम 'पाळता येणे' याचा अर्थ आपल्या समाजाच्या रीतिभाती सांभाळून पाळता येणे, असाच घेतला पाहिजे, असे न्यायाधीशांनी सांगितले. स्वतःला टाकून दिल्यावाचून जो नियम पाळता येत नाही, तो त्या माणसापुरता सारखा नियम नव्हेच.

अमेरिकेतही हा विचार आता कायद्यात उतरला आहे. २०१९ साली कॅलिफोर्निया राज्याने केसांची ठेवण आणि वंशपरंपरेने चालत आलेली केशरचना यांवरून शाळेत व कामाच्या ठिकाणी भेदभाव करण्यास बंदी केली. पुढे इतर अनेक राज्यांनी तिचे अनुकरण केले. त्या कायद्याच्या नावातील आद्याक्षरे जोडली असता 'मुकुट' या अर्थाचा इंग्रजी शब्द तयार होतो. ज्या केसांची हेटाळणी झाली, त्यांना मुकुटाचा मान देणे हे उचितच म्हटले पाहिजे.

या सर्व प्रसंगांत एक खेदाची गोष्टही आहे. बर्मिंगहॅमच्या खटल्याचा शेवट झाला, तोवर तो मुलगा दुसऱ्या शाळेत गेला होता. डर्बनच्या मुलीला न्याय मिळाला, तेव्हा तिचे शाळेचे दिवस संपले होते. न्यायालय न्याय देऊ शकते. वर्गातील गेलेला एक तास मात्र ते परत देऊ शकत नाही. तो तास वाचविणे केवळ शाळेच्याच हाती असते, आणि त्यासाठी फार मोठे सामर्थ्य लागत नाही. नियमाचे पुस्तक उघडण्यापूर्वी समोरच्या मुलाला जवळ बोलावून, "बाळ, तुझे म्हणणे काय आहे?" एवढे विचारले, तरी पुष्कळ होते.

घरात एकच फणी असली तरी समंजस आई सर्वांच्या डोक्यावरून ती एकाच जोराने फिरवीत नाही. एकीचे केस सरळ असतात, तेथे तिचा हात झरझर चालतो. दुसरीचे गुंतलेले असतात, तेथे ती बट हातात धरून सावकाश सोडवते. दोघींचेही केस नीट व्हावेत, हाच तिचा हेतू असतो. शाळेचा नियमही असाच चालविला, तर शिस्त आणि न्याय एकाच वर्गात सुखाने नांदतील.