घाटावरची फरशी, घाटाखालची फरशी

बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसाला गाव विचारले की तालुक्याच्या आधी तो एक गोष्ट सांगतो: आम्ही घाटावरचे, किंवा आम्ही घाटाखालचे. अजिंठ्याची डोंगररांग जिल्ह्याच्या मधून जाते. तिच्या उत्तरेला पूर्णेचे सपाट खोरे आहे, त्यात मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर. दक्षिणेला उंच पठार आहे, त्यावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा. घाट चढला की हवा बदलते, माती बदलते, विहिरीच्या पाण्याची चव बदलते. घरातली फरशीही त्यामुळे वेगळी वागते, हे या उन्हाळ्याच्या सुट्टीत नीट पाहायला मिळाले.

आमचे घर नांदुरा तालुक्यात. बैठकीची खोली १२ बाय १४ फुटांची. म्हणायला बैठक, पण सकाळी मोहल्ल्यातली पोरे तिथेच अभ्यासाला बसतात, दुपारी तिथेच दस्तरखान अंथरले जाते आणि रमजानमध्ये इफ्तारला पंधरा-वीस माणसे सहज असतात. सासूबाई, म्हणजे आमच्या अम्मी, बहात्तर वर्षांच्या आहेत. वुजू करून ओल्या पायांनी त्या याच खोलीत जानमाजवर येतात. तीस वर्षांपूर्वीची शहाबादी फरशी मधोमध खचली होती, सांध्यांतून पांढरा लोणा फुलत होता. हातात ३५ हजार रुपये होते आणि थोरलीच्या कॉलेजची फी जूनमध्ये भरायची होती. हप्त्यावर माल घेऊन व्याज भरायचे नाही, हे घरात आधीच ठरले होते. म्हणून दुकानात जाण्याआधी नातेवाइकांच्या घरी जाऊन त्यांच्या फरश्या पाहायच्या, असे ठरवले. सुट्टीत नात्यागोत्यात जायचेच असते.

आधी आमच्या खालच्या भागाचे सांगते. पूर्णेच्या खोऱ्यात काळी कसदार माती खोलवर आहे. कपाशीला ती वरदान, घराला मात्र त्रास. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल अशा भेगा पडतात. जमीन वर-खाली झाली की वरची फरशीही हलते, मग ती कितीही महाग असो. दुसरी गोष्ट खारपाण पट्ट्याची. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, नांदुरा या तालुक्यांतल्या बऱ्याच गावांत जमिनीतले पाणी खारे आहे. हे क्षार ओलाव्याबरोबर जमिनीतून वर चढतात. पाणी उडून जाते आणि क्षार सांध्यात, दगडात पांढरे होऊन उरतात. तोच लोणा. पुसायचे पाणीही खारे असेल तर गडद रंगाच्या फरशीवर पांढरट थर दिसतो, आणि घरातली बाई दिवसातून तीनदा पुसूनही तिला ‘नीट पुसले नाही’ हे ऐकावे लागते.

नांदुऱ्याहून मोताळ्याच्या बाजूला गेलो. याच तालुक्यात रोहिणखेडची जुनी दगडी मशीद आहे, खुदावंद खानाने १५८२ साली बांधलेली. चारशे वर्षांहून जास्त काळ तिने किती उन्हाळे-पावसाळे पाहिले! लेकरांना तिथे एवढेच सांगितले की इमारत दिसते ती वर, पण तिला तोलून धरतो तो खालचा पाया.

राजूर घाट चढून बुलढाण्याला आलो आणि पुढे चिखलीला नणंदेकडे मुक्काम केला. तिच्याकडे कोट्याची फरशी आहे, वीस वर्षांची. एकही दगड हललेला नाही. मेहकरला खालाजानच्या घरी जुन्या मोझेक टाइल्स आहेत. त्यांनी फरशी बदललीच नाही, मशीनने घासून पॉलिश करून घेतली. खडीचे रंग पुन्हा उजळले आणि खर्च नव्या फरशीच्या मानाने थोडका आला. मोझेक पक्की असेल, पोकळ वाजत नसेल, तर हा सगळ्यांत स्वस्त उपाय.

तिथून लोणार पाहिले. सुमारे १.८ किलोमीटर रुंदीच्या त्या विवराच्या कडेवर उभे राहिले की घाटावरच्या घरांखाली काय आहे ते उघड दिसते: काळा कातळ, थरावर थर. पठारावर बऱ्याच ठिकाणी थोडे खणले की मुरूम लागतो, त्याखाली खडक. नणंदेची फरशी वीस वर्षे का हलली नाही, याचे अर्धे उत्तर तिथे मिळाले.

उरलेले अर्धे उत्तर चिखलीच्या एका जुन्या मिस्त्रींनी दिले. ते म्हणाले, “मॅडम, फरशी वरून नोका पाहू, खालून पाहा. तुमच्याकडं काळी माती हाय. पैसा वाचवायचा तर टाइलमध्ये वाचवा, भरणीत नाही.” काळी माती जमेल तितकी खोल काढायची. तिच्या जागी मुरूम भरायचा, एकदम नव्हे तर सहा-सहा इंचांच्या थराने, प्रत्येक थरावर पाणी मारून धुम्मस करायची. वर दगडाचे सोलिंग, त्यावर जाड प्लास्टिकचा कागद म्हणजे खालची ओल वर येणार नाही, आणि मग चार इंच काँक्रीट. काँक्रीट आणि मसाला गोड्या पाण्यात कालवायचा. बोअरचे पाणी खारे असेल तर दोन टाक्या पाणी विकत घेतलेले परवडते.

आता कोणती फरशी? शहाबादी आणि कोटा, दोन्ही चुनखडीचे दगड. शहाबादी येते कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातून, कोटा राजस्थानातून. दोन्ही मजबूत, उन्हाळ्यात पायाला गार, आणि घासून पुन्हा नवे करता येतात. पण चुनखडीला आम्लाचे वैर. लिंबू, व्हिनेगर सांडले की डाग पडतो आणि संडासाचे अ‍ॅसिड तर तिला खातेच. शिवाय दगड थोडा तरी ओलावा पितो, त्यामुळे खारपाण पट्ट्यात लोण्याची भीती राहते. घाटावर कडक जमीन आणि गोडे पाणी असेल तर हा दगड निश्चिंतपणे घ्यावा.

आमच्या बाजूला व्हिट्रिफाइड टाइल बरी. गुजरातमधले मोरबी हे तिचे मोठे केंद्र. ती जास्त तापमानाला भाजलेली असते आणि अर्धा टक्काही पाणी पीत नाही. तिच्यात प्रकार आहेत. काहींवर फक्त वरचा पातळ थर नक्षीचा असतो, तो झिजला की खालचा रंग उघडा पडतो. ‘डबल चार्ज’ टाइलमध्ये रंगाचा थर काही मिलिमीटर जाड असतो. जिथे ट्रंक सरकवली जाते, शिलाई मशीन ओढली जाते, पोरे दिवसभर खेळतात, तिथे हीच टिकते.

दुकानात चार गोष्टी करून पाहा. टाइल उलटी करून पाठीवर पाण्याचा थेंब टाका. लगेच शोषला गेला तर ती व्हिट्रिफाइड नाही. दोन टाइल तोंडाला तोंड लावून धरा. मध्ये फट दिसली तर ती वाकडी आहे. सगळ्या खोक्यांवरचा बॅच आणि शेड क्रमांक एकच आहे का पाहा, नाहीतर अर्धी खोली एका रंगाची होते, अर्धी दुसऱ्या. आणि चौथी सगळ्यांत महत्त्वाची: टाइल जमिनीवर ठेवा, पाणी शिंपडा आणि अनवाणी उभे राहून पाहा. आरशासारखी चकचकीत टाइल कोरडी असताना सुंदर दिसते, पण ओल्या पायाखाली घसरते. म्हाताऱ्या माणसाचे खुब्याचे हाड मोडले तर त्या घराचे पुढचे सहा महिने कसे जातात, हे वेगळे सांगायला नको. चकाकीपेक्षा मॅट घ्या.

आम्ही फिकट राखी रंगाची मॅट, डबल चार्ज टाइल घेतली. त्या रंगावर ना पांढरा थर दिसतो, ना धूळ. हिशेब असा: खोली १६८ चौरस फूट, तुटफूट धरून १८५. दोन बाय दोनच्या चार टाइल्सच्या खोक्यात १६ चौरस फूट, म्हणजे १२ खोकी. भिंतीलगतच्या चार इंची पट्टीसाठी आणखी एक. उरलेल्या टाइल्स माळ्यावर जपून ठेवल्या, कारण काही वर्षांनी तोच रंग बाजारात मिळेलच असे नाही.

बसवताना दोन गोष्टींवर डोळा ठेवा. टाइल्समध्ये दोन मिलिमीटरची फट सोडून ती नीट भरून घ्या आणि भिंतीलगतही थोडी जागा ठेवायला सांगा. ती पट्टीखाली झाकली जाते. घट्ट बसवलेली फरशी आमच्याकडच्या मेच्या उन्हात फुगून उचलली जाते. मसाला सुकल्यावर प्रत्येक टाइलवर नाणे वाजवा. बद्द आवाज आला तर खाली पोकळी आहे. ती टाइल तेव्हाच काढायला लावा, मजुरी चुकती करायच्या आधी.

एकूण खर्चातला मोठा वाटा जमिनीखाली गेला, जिथे तो कोणा मेहमानाला दिसणार नाही. शेजारणीने विचारले, “इतकी साधी टाइल?” अम्मींनीच उत्तर दिले, “बेटा, इस पे पाँव नहीं फिसलता.” थोरलीची फी वेळेवर भरली गेली. पोरे पुन्हा अभ्यासाला येऊ लागली आहेत आणि अम्मी आता वुजू करून भिंतीचा आधार न घेता जानमाजपर्यंत जातात.