दहा वाजताचा फुलोरा

भादव्यात वेल्ह्याहून केळदकडे निघालं, की पासलीच्या आसपास बांधाबांधावर तेरडा गुलाबी होऊन उभा असतो. गाड्या थांबतात, फोटो निघतात ते त्याचेच. बांधाखालच्या खाचरात भात फुलत असतं. तिथं कुणी वाकून बघत नाही. मला ते खटकतं.

तेरड्याचं रूप कौतुकाचंच आहे. फुलामागच्या बाकदार नळीत मध असतो. तो प्यायला आत शिरणाऱ्या मधमाशीच्या पाठीला वरच्या परागकोशांच्या टोपीतले पराग माखतात. फूल आधी नर असतं. ती टोपी गळाली, की खालची कुक्षी उघडी पडते आणि तेच फूल मादी होतं. आपले पराग आपल्यालाच लागू नयेत, याची ही तजवीज. त्यामुळे माशीवाचून त्याचं फारसं निभत नाही.

भाताला माशीची गरज नाही, म्हणून रंगही नाही आणि मधही नाही. पोटरीतून लोंबी निसवते. मग उघडीप असली तर सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला तुसाची दोन पाती विलग होतात. आत सहा पुंकेसर आणि पिसासारख्या दोन कुक्षी. पाती उघडता उघडताच परागकोश फुटतात आणि पराग बहुतेक आपल्याच कुक्षीवर पडतात. वाऱ्यावर गेलेले काही मिनिटंच जगतात. तासाभरात पाती पुन्हा मिटतात. बाहेर लोंबत राहतात रिकामे, फिकट परागकोश. त्याला फूल म्हणायला डोळा सरावावा लागतो. पण घरातलं वर्षाचं जेवण अशाच तासांत ठरतं! नेमकी तेव्हा जोराची सर कोसळत राहिली, तर दाण्यात दूध भरत नाही, आणि पोचट दाणे उफणताना वाऱ्यावर जातात. निसवणीच्या दिवसांत शेतकरी सकाळचं आभाळ उगाच न्याहाळत नाही.

असं स्वतःपुरतं मिटलेलं फूल दुसऱ्या वाणाशी जुळवायचं, तर मधमाशीचं काम माणसानं करायचं. आदल्या संध्याकाळी तुसाचं टोक कापून सहाच्या सहा परागकोश चिमट्यानं काढायचे, लोंबीवर कागदी पिशवी चढवायची, आणि सकाळी दुसऱ्या वाणाची फुललेली लोंबी तिच्यावर झटकायची. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रानं आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून इंद्रायणी घडवला. १९८७ मध्ये तो शेतकऱ्यांच्या हाती आला. आंबेमोहराला वास होता, पण उंच ताटं वाऱ्यापावसात आडवी व्हायची. आयआर ८ बुटका आणि भरघोस. अनेक पिढ्यांच्या निवडीतून दोघांचे गुण एका दाण्यात स्थिरावले.

आणि ते टिकले, तेही भाताच्या त्याच स्वभावामुळे. फूल आपल्याच परागांवर फळतं, म्हणून वाण सहसा बिघडत नाही. खळ्यावरचं चांगलं भात निवडून घरचं बी म्हणून राखलं, तर पुढच्या आषाढात लावणीला तोच इंद्रायणी उभा राहतो.