माजघराची भिंत

आमच्या सदनिकेतील स्वयंपाकघर आणि दिवाणखाना यांमधील भिंत आम्ही गेल्या वर्षी पाडली. ती भारवाहक नाही, याची अभियंत्याकडून खात्री करून घेतली होती. धूळ बसल्यावर आई ओट्यापाशी उभी राहिली आणि म्हणाली, "आता तुमचं बोलणं मला अर्धवट ऐकू येणार नाही."

कोकणातल्या आमच्या घरी ओटी पुरुषांची, माजघर बायकांचे. संस्कृत 'मध्य', प्राकृत 'मज्झ', त्यावरून 'माज': ही व्युत्पत्ती मी 25 वर्षे शिकवीत आलो. घराच्या मध्यभागी वावरणारी आई मात्र प्रत्येक चर्चेच्या कडेला राहिली, हे ध्यानात आले नव्हते. आता फोडणीचा वास माझ्या पुस्तकांपर्यंत येतो. आणि वाद रंगला की आई लाटणे हातात धरूनच आपले मत सांगते.