दोन फोन, एक लंबक

प्रोग्राम तोच, सुरुवातीचे कोन तेच. टाइम स्टेपही मी ठरवून दिलेली, स्क्रीनच्या रिफ्रेशला बांधलेली नाही. तरीही बीएससीच्या एका विद्यार्थिनीने आपला आणि मैत्रिणीचा फोन शेजारी ठेवला, तेव्हा दुहेरी लंबक थोडा वेळ जोडीने हलले आणि मग एक उजवीकडे उलटला, दुसरा डावीकडे. "मॅडम, खरा कुठला?" तेव्हापासून माझं दुसऱ्या कशात लक्ष नाही.

फरक साइनमध्ये होता. प्रोग्राम ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेला, आणि तिचा साधा आकडा 64 बिटांचा. त्याचे बेरीज-गुणाकार शेवटच्या बिटापर्यंत ठरलेले. साइन-कोसाइनचं मात्र भाषेच्या नियमांनी इंजिन बनवणाऱ्यांवर सोडलंय. सन कंपनीची जुनी एफडीलिबएम ही गणिती लायब्ररी वापरा अशी शिफारस आहे, सक्ती नाही. त्यामुळे दोन ब्राउझरांची उत्तरं कधी सोळाव्या-सतराव्या अंकात वेगळी येतात. साध्या लंबकात ते कुणाला दिसलंही नसतं. दुहेरी लंबकात तोच फरक सोळा वेळा दसपट झाला की एक रेडियन, म्हणजे 57 अंश.

मग मी माझा साइन लिहिला. कोन लहान पट्ट्यात आणायचा आणि पुढे फक्त बेरीज-गुणाकारांची बहुपदी. त्यातही पाय (π) 64 बिटांत पुरता मावत नाही. म्हणून त्याचे दोन तुकडे ठेवायचे, आधी मोठा वजा करायचा, मग छोटा. दोन्ही फोन शेवटच्या अंकापर्यंत जुळले. तेव्हा झालेला आनंद शिक्षिकेचा नव्हता. माझा लंबक जगात कुठेही माझ्याच म्हणण्याप्रमाणे हलला पाहिजे, हा अहंकार होता, आणि तो अजून गेलेला नाही. पण टाइम स्टेप अर्धी केली की तोच लंबक तिसरीकडेच जातो. दोन्ही फोनांचं एकमत झालं होतं, एवढंच.

पायथनवाले सहकारी म्हणतात, जावास्क्रिप्ट विज्ञानाला लावलीतच कशाला? आकडे क्रमाने लावायला सांगितले, तर ती 10 ला 9 च्या आधी बसवते, हे खरं. पण पायथनचा साइनही खालच्या सी लायब्ररीवरच टेकलेला असतो. शिवाय आमच्या लॅबमध्ये काही इन्स्टॉल करायचं तर ॲडमिनच्या पासवर्डसाठी थांबावं लागतं. ब्राउझर मुलांच्या खिशात आहे.

माझा राग वेगळ्यांवर आहे. जावा ॲप्लेट गेले, 2020 च्या अखेरीस फ्लॅश गेलं, त्यांच्याबरोबर किती चांगले प्रयोग बुडाले. कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट या प्रकल्पाने आपले कितीतरी प्रयोग एचटीएमएल5 मध्ये पुन्हा लिहिले, ते मराठीतही चालतात. ही मेहनत सोडून आता तयार लायब्ररी जोडायची, रंग भरायचे, आणि लंबकाची एकूण ऊर्जा टिकते का हे पाहायचंच नाही, असं सर्रास चालतं. ऊर्जेचा आलेख नसलेलं सिम्युलेशन मी वर्गात लावत नाही.

आता माझ्या पानावर दोन बटणं आहेत: ब्राउझरचा साइन आणि माझा. स्टेप अर्धी, मग पाव करून लंबक कितव्या सेकंदाला फुटतात ते मुलांनी काढायचं, आणि वहीत तिथपर्यंतचीच गती लिहायची. आरके4 या गणनपद्धतीत स्टेप अर्धी केली की चूक सुमारे सोळापट घटते, पण फुटण्याचा क्षण जेमतेम पुढे सरकतो. हे त्याच मुलीने आलेख काढून माझ्यापुढे ठेवलं. 64 बिट संपेपर्यंत तो क्षण कुठवर ढकलता येतो, यात सध्या आम्ही दोघी अडकलो आहोत.