स्वभावाला औषध नाही, पण...

स्वभावाला औषध नाही, असं आपल्याकडे घरोघरी म्हटलं जातं. लहान मुलांच्या बाबतीत मात्र कधी कधी उलटंच घडतं. औषध पोटात जातं आणि आठ-दहा दिवसांत मुलाचा स्वभावच पालटल्यासारखा वाटतो. हसतंखेळतं मूल किरकिर करू लागतं, अभ्यासात त्याचं चित्त लागत नाही, रात्री ते दचकून उठतं. घरातल्या मोठ्यांना त्यात हट्ट दिसतो, आळस दिसतो, नाही तर लाडावल्याची लक्षणं दिसतात. शिंकांसाठी आणलेल्या बाटलीवर मात्र कुणाचा संशय जात नाही. ती बिचारी कपाटात गप्प उभी असते.

अ‍ॅलर्जीत नाक गळतं, डोळे चुरचुरतात, अंगावर गांधी उठतात, ते प्रामुख्याने हिस्टामिन नावाच्या द्रव्यामुळे. त्याला अडवणारी औषधं म्हणजे अँटिहिस्टामिन. पण हेच हिस्टामिन मेंदूत दुसरं काम करतं. ते माणसाला जागं आणि सावध ठेवतं. क्लोरफेनिरामीन, प्रोमेथाझिन यांसारखी जुनी औषधं रक्तातून मेंदूत सहज शिरतात आणि तिथलंही हिस्टामिन अडवतात. म्हणून गुंगी येते. रात्री दिलेल्या चमचाभर औषधाचा अंमल सकाळी शाळेच्या पहिल्या तासापर्यंत राहू शकतो. बाई फळ्यावर गणित मांडत असतात आणि हा डोळे उघडे ठेवून झोपलेला. प्रगतिपुस्तकावर शेरा येतो, "लक्ष देत नाही."

काही मुलांना याच औषधाने गुंगी येण्याऐवजी उधाण येतं. ती झोपत नाहीत, पलंगावर उड्या मारतात, कारण नसताना रडतात. त्याशिवाय तोंडाला कोरड पडते, शौचाला खडा होतो, तो दोष घरची मंडळी बिस्किटांना देतात.

एक सवय तर मोडायलाच हवी. लांबच्या प्रवासात तान्हं मूल रडू नये म्हणून गुंगीचं औषध पाजायचं, हा सल्ला आजही शेजारपाजारून मिळतो. प्रोमेथाझिनमुळे अगदी लहान मुलांचा श्वास मंदावून जिवावर बेतू शकतं. म्हणूनच अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2004 मध्ये दोन वर्षांखालच्या मुलांना ते मुळीच देऊ नये, असा ठळक इशारा त्यावर छापायला लावला. गाडीतल्या सहप्रवाशांची झोप एवढी महत्त्वाची नाही.

सेटिरिझिन, लोरॅटॅडिन, फेक्सोफेनाडिन ही नंतरची औषधं मेंदूत फार कमी जातात. तरी सेटिरिझिनने पेंगणारी मुलं असतातच. आणि मॉन्टेलुकास्टची गोष्ट आणखी वेगळी आहे. ते अँटिहिस्टामिन नव्हेच. दम्यासाठी निघालेलं हे औषध पुढे साध्या शिंकांसाठीही सर्रास दिलं जाऊ लागलं, आपल्याकडे बऱ्याचदा लेवोसेटिरिझिनबरोबर एकाच गोळीत.

पुण्यातल्या एका घरात पाऊस सरता सरता सात वर्षांच्या मुलीला शिंकांनी हैराण केलं. आजूबाजूच्या मोकळ्या प्लॉटवर गाजर गवत माजलेलं, त्याला पांढरा फुलोरा आलेला. डॉक्टरांनी रात्री चघळायची एक गोळी दिली आणि चार-पाच दिवसांत शिंका थांबल्या. घर खूश झालं. दुसऱ्या आठवड्यात मुलगी रात्री किंचाळून उठू लागली. एकटीने बाथरूमला जायला घाबरू लागली. धाकट्या भावाला तिने ओरबाडलं, स्वतःची चित्रकलेची वही फाडली, आणि एकदा भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "मी कुणालाच आवडत नाही."

प्रत्येकाकडे आपापलं कारण तयार होतं. आजींनी मीठमोहऱ्या ओवाळल्या. वडिलांनी टीव्हीवरची कार्टून बंद केली. आईला वर्गातल्या नव्या बाईंची शंका होती. बोलणी मात्र मुलीलाच खावी लागली.

उलगडा झाला तो दुधाच्या हिशेबातून. या घरात भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे लिहितात, त्याच चौकोनात आई औषध सुरू केल्याची तारीखही टिपते. महिनाअखेरीला हिशेब करताना तिची नजर त्या तारखेवर गेली. तिथून पहिल्या किंकाळीपर्यंत नऊ दिवस. तिने तडक डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी गोळी त्याच रात्री बंद केली, नाकात मारायचा फवारा आणि मिठाच्या पाण्याचे थेंब दिले. आठवडाभरात मुलगी सलग झोपू लागली. डॉक्टर म्हणाले, "गोळीमुळेच झालं असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण तारखा इतक्या जुळतायत, तेव्हा ही गोळी तिला परत द्यायची नाही."

ही शंका जगावेगळी नव्हती. भयानक स्वप्नं, चिडचिड, उदासी, क्वचित आत्महत्येचे विचार, अशा तक्रारींवरून अमेरिकेच्या त्याच प्रशासनाने मार्च 2020 मध्ये मॉन्टेलुकास्टला सर्वांत कडक इशारा जोडला आणि नुसत्या सौम्य नाकाच्या अ‍ॅलर्जीसाठी ते शक्यतो टाळावं, असं सांगितलं. पुष्कळ मुलं हे औषध काही त्रास न होता घेतात, हेही खरं. दमा असलेल्या मुलाचं औषध पेपरातली बातमी वाचून परस्पर बंद करू नये. वागण्यात बदल दिसला तर मात्र पुढच्या भेटीची वाट न पाहता डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावं. शिवाय चोंदलेल्या नाकाचं मूलही नीट झोपत नाही आणि दिवसभर कुरकुरतं. आजारामुळे किरकिर की औषधामुळे, हे तारखांशिवाय कळायचं कसं?

दुसरा घोळ होतो तो नावांमुळे. सर्दीचं सिरप एका नावाचं, अ‍ॅलर्जीचं दुसऱ्या. आई दोन्ही देते, आणि दोन्हींत क्लोरफेनिरामीनच असतं. त्यातून चमचा स्वयंपाकघरातला, ज्यात पाच मिलिलिटर मावतं की आठ, ते कुणी मोजलेलं नसतं. बाटलीबरोबर येणारं मापाचं झाकण खेळण्यात हरवतं, ते मागून घ्यावं. क्लोरफेनिरामीन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेलं सिरप चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, ही सूचना लेबलवर छापण्याचा आदेश आपल्या केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर 2023 मध्ये काढला. त्याआधीची उरलेली बाटली कुणाच्या कपाटात असेल, तर ती आता टाकूनच द्यावी. आणि थोरल्यासाठी आणलेलं औषध धाकट्याला अंदाजाने अर्धं करून देणं ही काटकसर नव्हे.

औषधाचा त्रास झाला, तर त्याची नोंद सरकारदरबारी करता येते, हे फार थोड्या पालकांना ठाऊक असतं. 2010 पासून देशात त्यासाठी कार्यक्रम सुरू आहे, त्याचं केंद्र गाझियाबादला भारतीय औषधसंहिता आयोगात आहे. 1800-180-3024 या क्रमांकावर फोनला पैसे पडत नाहीत. औषधच दोषी आहे हे सिद्ध करून द्यावं लागत नाही, संशय पुरेसा असतो. फोन करताना बाटली किंवा गोळ्यांची पट्टी हाताशी ठेवावी, कारण त्यावरचा बॅच नंबर सांगावा लागतो, आणि औषध कधी सुरू केलं ती तारीखही.