जिभेवरचे वजन

वकिलाला एक खोड जडलेली असते आणि ती सुटीतही त्याची पाठ सोडीत नाही. समोर कागद आला, की ठळक अक्षरे बाजूला सारून तो बारीक अक्षरे आधी वाचू लागतो. औषधाच्या बाटलीवरील चिठ्ठी, आगगाडीच्या तिकिटाची मागची बाजू, लग्नपत्रिकेतील तळटीप, काही म्हणून मी सोडीत नाही. आणि घरची माणसे यामुळे माझ्यावर वैतागलेली असतात. परंतु गेल्या वर्षी मे महिन्यात, न्यायालयाच्या उन्हाळी सुटीत, मी अमेरिकेत थोरल्या बंधूंकडे गेलो असता याच खोडीचा एका घरगुती प्रकरणात थोडाबहुत उपयोग झाला. ते प्रकरण वाचकांपुढे ठेवावे असे वाटते.

आमचे दादा इंडियाना राज्यातील साउथ बेंड या गावी वीस वर्षे राहत आहेत. वडील गेल्यापासून आई वर्षाचे काही महिने त्यांच्याकडे आणि उरलेले महिने फोंड्याला माझ्याकडे असते. दादाकडे एक पिकअप ट्रक आहे. म्हणजे पुढे मोटारीसारखी बसायची जागा आणि मागे उघडा हौदा. फोर्ड एफ-१५०, शेव्हरोले सिल्व्हराडो १५००, रॅम १५०० या जातीच्या गाड्यांना तिकडे ‘हाफ-टन’ म्हणतात. एके काळी अशी गाडी अर्धा टन, म्हणजे त्यांच्या मापाने १००० पौंड, ओझे वाही म्हणून हे नाव पडले. आता ती पुष्कळ अधिक वाहते. नाव मात्र जुनेच राहिले आहे. आपल्याकडील इनामदारांच्या आडनावांसारखेच ते!

दादाच्या मनात या गाडीमागे जोडायचा एक ट्रेलर घ्यावयाचा होता. ट्रेलर म्हणजे चाकांवरचे बिऱ्हाडच: आत पलंग, चूल, मोरी, शीतकपाट, शौचकूप, सारे काही. साउथ बेंडजवळचे एल्कहार्ट हे गाव तर या ट्रेलरांच्या कारखानदारीचे माहेरघर. तेव्हा निवडीला तोटा नव्हता. हौस मुलांची होती हे खरे, पण मूळ कारण आई होती. तिचे गुडघे दुखतात. सोमवार आणि एकादशी ती अजून सोडीत नाही. हॉटेलातले अन्न तिला चालत नाही, आणि वाटेत दर दोन तासांनी उतरावे लागते याचा तिला संकोच वाटतो. त्यामुळे चार वर्षे दादाचे कुटुंब सहलीला निघाले, की आई खिडकीत उभी राहून त्यांना निरोप देई. स्वतःची चूल आणि स्वतःची मोरी बरोबर नेली तर आई येईल, असा दादाचा हिशेब होता.

विक्रेत्याच्या आवारात शेकडो ट्रेलर ओळीने उभे होते. दादाचे मन बसले ते एका बत्तीस फुटी धुडावर. मुलांना एकावर एक खाटा, आईला दाराजवळ निजायची जागा आणि भिंतीत विजेवर चालणारी खोटी शेकोटी! विक्रेता मोठा गोड माणूस होता. तो म्हणाला, “तुमची गाडी ११,००० पौंड ओढते, हा ट्रेलर तर अवघा ६४०० पौंडांचा आहे.” दादाने माझ्याकडे अशा मुद्रेने पाहिले, की जणू निकाल आपल्या बाजूने लागला.

आता, आमच्या धंद्यात एक तत्त्व पहिल्याच वर्षी शिकवतात: जाहिरात म्हणजे करार नव्हे, ते केवळ बोलणी सुरू करण्याचे आमंत्रण. मी गाडीकडे गेलो आणि चालकाचे दार उघडले. दाराच्या चौकटीवर एक लहानशी चिठ्ठी चिकटवलेली असते. दादा त्या दारातून रोज आत-बाहेर करीत होता, पण ती त्याने कधी वाचली नव्हती. तिच्यावर लिहिले होते, की आत बसणारी माणसे आणि सामान मिळून वजन १४८० पौंडांपेक्षा, म्हणजे ६७१ किलोंपेक्षा, कधीही अधिक होऊ नये.

ओढणे वेगळे आणि वाहणे वेगळे, ही साधी गोष्ट इथे विसरली जाते. चाकांवरचे ओझे ओढायला इंजिनाचे बळ लागते. पाठीवरचे ओझे वाहायला कमानी, आस आणि टायर मजबूत असावे लागतात. पत्रकातला ओढण्याचा आकडा ज्या प्रमाणित कसोटीने काढतात, तीत गाडीत दोनच माणसे धरलेली असतात आणि तीही प्रत्येकी १५० पौंडांची. कायद्यातला ‘सुज्ञ मनुष्य’ जसा कुणी पाहिलेला नाही, तशीच ही दोन माणसे! त्यांना मुले नाहीत, सासू नाही, आणि पोह्यांचा डबासुद्धा त्यांच्याबरोबर नाही.

“पण ट्रेलर तर स्वतःच्या चाकांवर आहे; तो माझ्या पाठीवर कुठे येतो?” दादाने विचारले. प्रश्न वाजवी होता. त्याचे उत्तर मला आमच्या कुळागराच्या वाटेवर सापडले. लहानपणी, १९८५-८६ च्या सुमारास, आमच्याकडे नारळ नेण्यासाठी बैलगाडी येई. गाडीवान नारळ भरताना मधूनमधून पुढे येऊन जू हाताने उचलून पाही. मागे भार जास्त झाला, की गाडी उलाळ होते. जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. पुढे जास्त झाला, तर बैलांच्या मानेवर दाब येतो आणि चढावर ते गुडघे टेकतात. मानेवर थोडा दाब हवा, पण तो मानेला सोसेल इतकाच हवा.

ट्रेलरचेही हुबेहूब असेच आहे. त्याच्या पुढच्या दांडीला अमेरिकन लोक ‘टंग’ म्हणजे जीभ म्हणतात; आणि भरलेल्या ट्रेलरच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भाग त्या जिभेवर असावा असा नियम आहे. कमी असेल तर वेगात ट्रेलर शेपटासारखा वळवळू लागतो आणि पुढच्या गाडीला घेऊन उलटतो. पुरेसा असेल तर तो शहाण्यासारखा मागे येतो, पण जिभेवरचे ते वजन सारेच्या सारे गाडीच्या पाठीवर पडते आणि त्या १४८० पौंडांतून वजा होते. जिभेला वजन असावे हे आपल्याकडे वकिलाला सांगतात. तिकडे ते ट्रेलरला सांगतात.

दुसरी मेख ‘अवघ्या ६४०० पौंडां’ची. हे कोरडे वजन. त्यात पाणी नाही, भांडी नाहीत, अंथरूण नाही. पाण्याच्या एका अमेरिकन गॅलनचे वजन सुमारे ८.३४ पौंड, चाळीस गॅलनांची टाकी भरली, की ३३० पौंडांहून अधिक भर पडली. संसार मांडला, की ट्रेलर आपल्या कमाल मर्यादेजवळ जातोच. म्हणून हिशेब ट्रेलरच्या चिठ्ठीवर छापलेल्या कमाल वजनावरून करावा, कोरड्यावरून करू नये.

त्या रात्री जेवणाच्या मेजावर आम्ही कागद घेऊन बसलो. बत्तीस फुटी धूड तर पहिल्याच सुनावणीत बाद झाले. भरल्यावर ते ७४०० पौंडांचे, आणि तेरा टक्क्यांनी त्याची जीभच ९६२ पौंडांची. विक्रेत्याने दुसरा एक पंचवीस फुटी सुचवला होता. भरून ५२०० पौंड, जिभेवर ६७६. त्यात जोडकडीचे लोखंड १०० आणि हौद्यातले सामान १५० मिळवले. मग माणसे: दादा १९०, वहिनी १४०, पुतण्या १३०, पुतणी ८०. बेरीज १४६६. चौदा पौंड शिल्लक. दादाचा चेहरा उजळला. मग त्याने शेवटची ओळ लिहिली: आई, १२०. आणि पेन्सिल थांबली.

१०६ पौंड जास्त. कुणी काही बोलले नाही. आई सोफ्यावर वाती वळीत होती. चाळीस वर्षे वाण्याची वही तिने तोंडी तपासलेली. तिला आकडे समजायला कागद लागत नाही. हातातली वात पुरी करून ती सहज म्हणाली, “हांव घरा रावतां, पुता. तुमी वचून येयात.”

त्या वाक्यात रुसवा नव्हता, आणि म्हणूनच ते ऐकवत नव्हते. वहिनी उठून आत गेल्या. दादा कागदाकडे पाहत राहिला. ज्या माणसासाठी हा सारा खटाटोप मांडला, तेच माणूस बेरजेत शेवटी आले आणि शेवटी आले म्हणून जास्त ठरले! पुष्कळ घरांत हे असेच होते, आणि तिथे पेन्सिलही हातात नसते.

मला दारावरची चिठ्ठी आठवली. कायदा वाचताना शब्दांचा क्रम पाहावा लागतो. मी दादाला म्हटले, “तुझ्या गाडीवर ‘माणसे आणि सामान’ असे लिहिले आहे, ‘सामान आणि माणसे’ असे नव्हे. तू ट्रेलरपासून सुरुवात केलीस. आईपासून सुरुवात कर.” त्याने कागद उलटा केला आणि पहिल्या ओळीवर लिहिले: आई, १२०. मग बाकीचे चौघे: एकूण ६६०. जोडकडी आणि सामान २५०. उरले ५७०. आता एवढी जीभ ज्याची असेल, तो ट्रेलर आपला. मग तो कितीही फुटी असो.

तसा एक मिळाला. बावीस फुटी, कमाल ४३०० पौंडांचा. तेरा टक्क्यांनी जीभ ५५९. खोटी शेकोटी नाही. दिवसा जेवायचे मेज तेच रात्री पलंग होते. निजायला चौघांचीच सोय. तेव्हा पुतण्याने आपण बाहेर तंबूत झोपू असे मोठ्या आनंदाने जाहीर केले. ५० पौंडांचे वीजजनित्र घरी ठेवायचे ठरले. लांब आणि उंच ट्रेलरची बाजू वाऱ्यात शिडासारखी धरली जाते; तो धोकाही लहान ट्रेलरात कमी. विक्रेत्याने एक शेवटचा प्रयत्न केला: कमानीच्या दांड्यांची खास जोडकडी लावली, तर मोठाही चालेल. ती जोडकडी आम्ही घेतलीच, कारण ती जिभेचे काही वजन पुढच्या चाकांवर आणि ट्रेलरच्या चाकांवर सारते आणि गाडी समतोल राहते. परंतु तिच्यामुळे दारावरची चिठ्ठी बदलत नाही. ट्रेलरच्या विद्युत ब्रेकांचे नियंत्रक बसवायलाही विसरलो नाही.

जूनमध्ये न्यायालय उघडले आणि मी परतलो. जुलैत दादाचा फोन आला. निघण्यापूर्वी सारे सामान आणि सारी माणसे घेऊन तो महामार्गावरच्या मालट्रकांच्या तळावर गेला होता. तिथे प्रत्येक आसाचे वजन वेगळे देणारा काटा असतो. अंदाज कितीही चांगला असला, तरी पुरावा काट्याचाच. गाडीची मर्यादा ७००० पौंड. काट्याने दोन्ही आसांचे मिळून ६८८० दाखवले. “आणखी एक आई मावली असती!” दादा हसत म्हणाला.

ते गेले होते मिशिगन सरोवराच्या काठी, ‘स्लीपिंग बेअर’ नावाच्या वाळूच्या डोंगरांवर. दादाने आईला त्या नावाची तिथल्या मूळ रहिवाशांची दंतकथा सांगितली: वणव्यातून पळालेली अस्वलीण पोहत या काठाला लागली, तिची दोन पिल्ले मागे राहिली आणि ती त्यांची वाट पाहत किनाऱ्यावरच निजली. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग चपला काढून, नातीचा हात धरून ती पाण्यात घोटाभर उतरली, ओंजळभर पाणी तोंडाला लावले आणि आश्चर्याने मागे वळून म्हणाली, “दर्या भशेन दिसता, पूण मीठ ना रे!”