थांबवून पाहणारी माणसं

काही मालिकांवर लोकांचं प्रेम बसतं ते त्या बंद पडल्यावर. ‘फ्युचरामा’चं तसं झालं, आणि त्याची हळहळ मला अजून वाटते.

‘द सिम्पसन्स’चा जनक मॅट ग्रेनिंग आणि त्याच्याच लेखकमंडळातला डेव्हिड एक्स. कोहेन यांनी उभी केलेली ही मालिका २८ मार्च १९९९ ला अमेरिकेत फॉक्स वाहिनीवर सुरू झाली. १९९९ च्या शेवटच्या रात्री पिझ्झा पोचवायला गेलेला फ्राय नावाचा पोरगा गोठतो आणि हजार वर्षांनी जागा होतो. एका डोळ्याची लीला, दारू ढोसणारा चोरटा रोबो बेंडर, विसराळू म्हातारा प्रोफेसर हे त्याचे नवे सोबती. पुढे वाहिनीने मालिकेला रविवारी संध्याकाळी सातची वेळ दिली. अमेरिकेत रविवार म्हणजे फुटबॉल. सामना लांबला की मालिकेचा भाग त्या दिवसापुरता गायब. ठरल्या वेळी टीव्हीसमोर येऊन बसलेल्या माणसाला खेळाडूंची धक्काबुक्की बघावी लागे, आणि तरी मोजणीत ठपका यायचा तो मालिकेवर: हिला प्रेक्षक नाहीत! २००२ साली तिला सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेटेड कार्यक्रमाचं एमी मिळालं, पण तोवर वाहिनीचा जीव तिच्यावरून उडाला होता. ऑगस्ट २००३ मध्ये ती थांबली.

मी ती पाहिली डीव्हीडीवर, रात्री जागून. आज वाटतं, ती तशीच पाहायची मालिका होती. कारण तिच्या कर्त्यांनी एक विलक्षण विश्वास बाळगला होता: कुणीतरी चित्र थांबवून पाहील. भविष्यातल्या न्यूयॉर्कच्या भिंतींवर त्यांनी परग्रहवासीयांच्या लिपीत पाट्या रंगवल्या. प्रेक्षकांनी ती लिपी बघता बघता सोडवली, तेव्हा लेखकांनी अधिक अवघड अशी दुसरी लिपी रचली. दाद देण्याघेण्याची याहून सुंदर रीत मला माहीत नाही. एका भागात बेंडरला त्याला बनवणाऱ्या यंत्राकडून नाताळचं कार्ड येतं, त्यावर ‘मुलगा क्रमांक १७२९’ असं लिहिलेलं असतं. बारा आणि एकच्या घनांची बेरीज १७२९, दहा आणि नऊच्या घनांचीही १७२९. गणिती हार्डी आजारी रामानुजनला भेटायला ज्या टॅक्सीने गेला तिचा हा आकडा त्याला रुक्ष वाटला होता; रामानुजनने तो अंथरुणावरून उजळून टाकला, आणि तोच इथे एका बेवड्या रोबोच्या हातात! मी ती चौकट थांबवली आणि कितीतरी वेळ नुसता बघत राहिलो.

लेखकमंडळात गणित-विज्ञान शिकलेले बरेच होते. त्यांतल्या केन कीलर या गणितातल्या डॉक्टरेटवाल्याने २०१० च्या एका भागासाठी चक्क नवं प्रमेय सिद्ध केलं. त्या भागात मनांची अदलाबदल करणारं यंत्र आहे, पण त्याच दोन शरीरांत पुन्हा अदलाबदल होत नाही. मग सगळे आपापल्या देहात परतायचे कसे? कितीही गोंधळ झाला तरी बाहेरची दोन माणसं पुरतात, हे कीलरचं उत्तर. सिद्धता फळ्यावर क्षणभरच दिसते. अमेरिकेतल्या लेखकसंघाने त्या भागाला पुरस्कार दिला.

मात्र ज्या भागाचं नाव निघताच चाहते गप्प होतात, त्यात गणित नाही. १७ नोव्हेंबर २००२ चा ‘ज्युरासिक बार्क’. संग्रहालयात फ्रायला आपल्या कुत्र्याचा, सीमूरचा, जीवाश्म सापडतो. प्रोफेसर त्याला पुन्हा जिवंत करू शकतो. तेवढ्यात कळतं, की सीमूर पंधरा वर्षं जगला, म्हणजे फ्राय गेल्यावर तब्बल बारा. त्याला दुसरं कुणीतरी मिळालं असेल, तो मला विसरला असेल, असं म्हणून फ्राय यंत्र बंद पाडतो. आणि मग आपल्याला एकट्यालाच दाखवतात: पिझ्झाच्या दुकानासमोर बसलेला सीमूर. ऊन, पाऊस, पानगळ, बर्फ. दुकानाचा मालक थकत जातो, कुत्र्याचं अंग झडत जातं. मागे कॉनी फ्रान्सिसचं वाट पाहण्याचं गाणं. मग तो आडवा होतो आणि डोळे मिटतो. एका हास्यमालिकेने आपल्या प्रेक्षकाला विनोदाचं बोट न देता तिथे सोडून दिलं, याचं धाडस मला आजही थक्क करतं. या भागाला एमीचं नामांकन मिळालं. पुरस्कार गेला ‘सिम्पसन्स’ला.

पुनःप्रक्षेपणांनी आणि डीव्हीडींच्या खपाने मालिका परत आणली. आधी डीव्हीडीवरचे चार चित्रपट, मग २०१० ते २०१३ कॉमेडी सेंट्रलवर, २०२३ पासून हुलूवर. यातल्या पहिल्याच, २००७ च्या चित्रपटात दाखवलं, की काळात मागे गेलेलं फ्रायचंच एक प्रतिरूप त्या वर्षांत सीमूरबरोबर राहिलं होतं. म्हणजे सीमूर एकटा नव्हताच. ज्यांना तो शेवट सोसवला नव्हता त्यांना यातून दिलासा मिळतो, आणि त्यांचं मन मला कळतं. पण मला ती दुरुस्ती पटलेली नाही. सीमूरची ती बारा वर्षं रडून आपण आपली मानली होती, ती परत घ्यायचा हक्क लेखकांनाही उरला नव्हता, असं मला मनापासून वाटतं. म्हणून कुणाला ही मालिका पहिल्यांदा दाखवायची असेल, तर मी ‘ज्युरासिक बार्क’ आवर्जून दाखवतो. तो चित्रपट मात्र सुचवत नाही.